उद्यमनगरात आठवड्यात होणारं बाक शाळेत पोचायला वर्ष का लागतं?

"फेरनिविदेलाही प्रतिसाद नाही." "एकच निविदा आल्याने प्रक्रिया रद्द." "निधी परत जाण्याची भीती." "कार्योत्तर मंजुरीवरून सभेत गोंधळ." कोल्हापुरातल्या दैनिकांची आतली पानं वाचणाऱ्याला ही वाक्यं पाठ झालेली असतात. बहुतेक जण मथळा वाचून पान उलटतात, कारण आत काय चाललंय ते कळत नाही. पण या बातम्यांत गावच्या शाळेतली बाकं असतात, दवाखान्यातली औषधं असतात, पाणी योजनेची मोटर असते. ती वेळेवर आली नाहीत तर हाल आपलेच होतात. म्हणून सरकारी कार्यालय एखादी वस्तू विकत कशी घेतं, हे एकदा नीट समजून घेऊ.

सबंध लेखभर एकच वस्तू धरून चालू: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेसाठी लागणारं दोन मुलांचं बाक. कार्यालयीन भाषेत त्याला ड्युअल डेस्क म्हणतात. लोखंडी पाइपाचा सांगाडा, वर प्लायवुडची फळी, खाली दप्तर ठेवायला कप्पा. शिवाजी उद्यमनगरातला चांगला फॅब्रिकेटर अशी पाच-पंचवीस बाकं आठवडाभरात करून देईल. मग शाळेला थांबावं का लागतं?

पैसे एकाचे, वस्तू दुसऱ्याची, सही तिसऱ्याची

समजा, पेठेतल्या एका तालमीने गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केली आणि मांडव ठरवायचं काम खजिनदाराकडे दिलं. त्याने आपल्या मेहुण्याचा मांडव घेतला. मांडव चांगला होता, दरही रास्त होता. तरी विसर्जनानंतर हिशेबाच्या बैठकीत कुणीतरी विचारणारच: दुसऱ्या कुणाकडे चौकशी केली होती का? त्याने किती सांगितले होते? खजिनदार प्रामाणिक असला तरी दाखवायला कागद नसेल, तर पुढच्या वर्षी खजिन्याची किल्ली त्याच्याकडे राहत नाही.

सरकारी खरेदीत नेमकी हीच अडचण असते, फक्त पसारा फार मोठा असतो. पैसे करदात्यांचे, बाकावर बसणार पहिलीतली पोरं आणि सही करणार एक अधिकारी, जो दोन-तीन वर्षांत बदलून जाणार. त्या खरेदीची तपासणी होते तेव्हा तो तिथे नसतो. तपासणारा लेखापरीक्षक खरेदीच्या वेळी हजर नव्हता. शिल्लक राहते ती फक्त फाईल, म्हणजे सरकारी भाषेतली नस्ती. त्या वेळी कुणाला विचारलं, कुणी किती दर दिला, कुणाचा का नाकारला, हे सगळं त्या फाईलनेच सांगायचं असतं.

हे लक्षात घेतलं की पुढचं बरंचसं उलगडतं. सरकारी खरेदीची पद्धत उत्तम वस्तू शोधण्यासाठी बांधलेली नाही. व्यवहार सचोटीने झाला, हे नंतर येणाऱ्या तिऱ्हाइताला पटवून देता यावं, यासाठी ती बांधलेली आहे. त्या चौकटीतूनही चांगली वस्तू मिळवता येते, पण त्यासाठी एका विशिष्ट टप्प्यावर काम नेटकं व्हावं लागतं. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच टप्प्याकडे होतं. त्याकडे येऊच.

नियम कुणाचे आणि किती रकमेला कोणता रस्ता?

केंद्र सरकारची कार्यालयं, म्हणजे आपल्याकडचं टपाल खातं किंवा आयकर कार्यालय, २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी बांधलेली आहेत. राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नियमपुस्तिका काढली. जिल्हा परिषदेला त्याशिवाय १९६८ ची लेखा संहिता आहे आणि महापालिकेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम. पुस्तकं वेगवेगळी असली तरी सांगाडा एकच आहे: रक्कम जेवढी मोठी, तेवढे जास्त साक्षीदार.

सगळ्यात खालची पायरी थेट खरेदीची. केंद्राच्या नियमांत २०१७ साली ही मर्यादा २५ हजारांची होती. तेवढ्यापर्यंत दरपत्रकं न मागवता बाजारातून वस्तू घेता येत होती. मात्र अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की वस्तूचा दर्जा योग्य आहे, दुकानदार भरवशाचा आहे, दर वाजवी आहे आणि याची मी स्वतः खात्री केली आहे. त्यावर अडीच लाखांपर्यंत तीन जणांची स्थानिक खरेदी समिती. या समितीने बाजारात फिरून दर, दर्जा आणि दुकानदार पडताळायचा आणि तिघांनी मिळून प्रमाणपत्र द्यायचं. पुढे या मर्यादा वाढवण्यात आल्या. "सरकारी माणसाला बाजारात जाऊन वस्तू घ्यायला परवानगीच नसते" हा समज मात्र खरा नाही. परवानगी असते. प्रमाणपत्रावर स्वतःच्या नावाने सही करायची तयारी अनेकांची नसते, हे खरं कारण.

राज्यात मधल्या पायरीवर दरपत्रकं चालतात, म्हणजे किमान तीन पुरवठादारांकडून लेखी दर मागवणं. आपण त्याला कोटेशन म्हणतो. त्याच्या वर निविदा, तीही आता संगणकावर, महाटेंडर्स या संकेतस्थळावर. २०१६ मध्ये राज्यात ३ लाखांच्या वरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची होती, नंतर ती मर्यादाही वाढली. या आकड्यांवरून वाद घालताना आधी शासन निर्णयाची तारीख बघावी. जुन्या मर्यादेचा कागद हातात धरून केलेल्या तक्रारी पहिल्याच उत्तरात निकाली निघतात.

तिसरा रस्ता जेमचा. जेम म्हणजे केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू केलेली सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ. त्याआधी केंद्राचा पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय नावाचा विभाग वर्षभराचे दरकरार (आधीच पक्क्या केलेल्या दराने, लागेल तेव्हा माल) करून ठेवायचा. तो ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला. राज्यातली कार्यालयंही आता जेमवरून खरेदी करतात. तिथेही लहान रकमेला थेट खरेदी, मधल्या रकमेला किमान तीन उत्पादकांची तुलना आणि त्यावर बोली, अशाच पायऱ्या आहेत.

बाकाची फाईल कुठून कुठे जाते

मुख्याध्यापक मागणीपत्र देतात. ते केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून नागाळा पार्कात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात. जिल्ह्यात तालुके बारा. सगळीकडची मागणी एकत्र होईपर्यंत फाईल हलत नाही, कारण एका शाळेची बाकं वेगळी घेणं आणि दुसऱ्या शाळेची वेगळी, हा पुढे आक्षेपाचा मुद्दा ठरतो.

मग पैसे. पैसे आहेत एवढं पुरत नाही, ते योग्य लेखाशीर्षाखाली असावे लागतात. लेखाशीर्ष म्हणजे अंदाजपत्रकातला खर्चाचा कप्पा. इमारत दुरुस्तीच्या कप्प्यातून बाकं घेता येत नाहीत, कपाटात रक्कम दिसत असली तरी. कप्पा सापडला की प्रशासकीय मान्यता, म्हणजे "ही वस्तू एवढ्या रकमेपर्यंत घ्यायला हरकत नाही" अशी सक्षम अधिकाऱ्याची संमती.

त्यानंतर वस्तूचं तांत्रिक वर्णन लिहायचं. सगळे त्याला स्पेसिफिकेशन म्हणतात. मग निविदा. तिला पुरेसा काळ द्यावा लागतो. केंद्राच्या नियमांत सर्वसाधारणपणे किमान तीन आठवडे. पुरवठादार दोन लिफाफे भरतो, हल्ली संगणकावर. पहिल्यात कागदपत्रं, अनुभवाचे दाखले, बयाणा रक्कम, दुसऱ्यात दर. बयाणा म्हणजे "निविदा भरून मागे हटणार नाही" याची अनामत. पहिला लिफाफा आधी उघडतात. त्यात जो पात्र ठरेल त्याचाच दुसरा उघडतो. मग तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची बैठक, पुरवठा आदेश.

बाकं आली की तपासणी, मोजणी आणि जडसंग्रह नोंदवहीत नोंद. टिकाऊ वस्तूंची ही वही. सरकारी कपाटांच्या पाठीवर, खुर्च्यांच्या मागे पांढऱ्या ऑइलपेंटने कार्यालयाचं नाव, वर्ष आणि क्रमांक घातलेला असतो, तो या वहीतल्या नोंदीचा. उद्या खुर्ची गायब झाली तर कोणत्या पानावरची गेली हे कळावं म्हणून. मोडलेली खुर्चीसुद्धा निर्लेखनाची, म्हणजे वहीतून कमी करण्याची, मंजुरी मिळेपर्यंत फेकता येत नाही. शाळांच्या कोपऱ्यांत मोडक्या बाकांचे ढीग वर्षानुवर्षं दिसतात ते त्यामुळे. या ढिगांमुळे एखादी वर्गखोली अडलेली असते आणि पोरं व्हरांड्यात बसतात, याची खंत वाटते. निर्लेखनाचा प्रस्ताव काही अवघड नसतो. तो करायचं कुणाच्या मनावर नसतं.

आता वेळेचा हिशेब बघा. निविदेचे तीन आठवडे, छाननीचे थोडे दिवस, पुरवठ्याचा महिना. हे सगळं धरलं तरी वर्ष भरत नाही. उरलेला वेळ टेबलांवर जातो. कनिष्ठ सहायक टिपणी लिहितो, ती सहायक लेखाधिकाऱ्याकडे जाते, मग शिक्षणाधिकारी, मग मुख्य लेखा व वित्त अधिकारी, ज्यांना जिल्हा परिषदेत सगळे कॅफो म्हणतात, आणि शेवटी मुख्य कार्यकारी अधिकारी. वरच्या टेबलावर कुणी समासात "दर कोणत्या आधारे गृहीत धरला, खुलासा व्हावा" असं लिहिलं की फाईल पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरून पहिल्या टेबलावर येते. खुलासा लिहून पुन्हा चढते. प्रश्न बहुतेक वेळा रास्तच असतो. पण तो सुटासुटा, प्रत्येक टेबलावर नवा निघतो. पहिल्याच टिपणीला आवश्यक कागद जोडले असते तर एकाच फेरीत काम झालं असतं.

सगळ्यात स्वस्त तेच घ्यायचं, म्हणून माल भिकार येतो ना?

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. ज्याचा दर सगळ्यात कमी त्याला एल-वन म्हणतात आणि साधारणपणे काम त्यालाच जातं. पण जे पहिल्या लिफाफ्यात पात्र ठरले, ज्यांचा माल मागितलेल्या वर्णनात बसतो, त्यांच्यातला हा सगळ्यात स्वस्त. वर्णनात न बसणारा कितीही स्वस्त असो, त्याचा दुसरा लिफाफा उघडायचाच नसतो.

म्हणून सगळं येऊन थांबतं वर्णनावर. "मजबूत व दर्जेदार लोखंडी बाक, उत्तम प्लायवुडसह" एवढंच लिहिलं, तर २० गेजच्या पातळ पाइपाचं बाकही मजबूतच आणि पहिल्या पावसात फुगणारं प्लायही उत्तमच. कुणाला नाकारणार, आणि कशाच्या आधारावर? त्याऐवजी पाइप १६ गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरहून जाड, प्लायवुड भारतीय मानक ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, वेल्डिंग पूर्ण जोडावर, नुसतं टाकेवारी नको, पावडर कोटिंग, कडांना पट्टी, पहिली-दुसरीसाठी बसायची उंची वेगळी आणि सहावी-सातवीसाठी वेगळी, असं लिहिलं की स्वस्तात स्वस्त पुरवठादारालाही बरं बाकच द्यावं लागतं. शाहूवाडी, गगनबावड्यासारख्या भागात चार महिने भिंती ओल्या असतात. तिथल्या शाळेसाठी साधं ३०३ मानकाचं प्लाय की ७१० चं, हा ठरवायचा प्रश्न आहे. तो निविदा निघण्याआधीच ठरतो, नंतर कितीही ओरडून उपयोग नसतो.

प्रत्यक्षात हे वर्णन बऱ्याचदा मागच्या फाईलमधून जसंच्या तसं उतरवलं जातं. मागचं त्याच्या मागच्या फाईलमधून. बाक वापरणाऱ्या शिक्षकाला कुणी विचारत नाही. उंची चुकलेलं बाक दहा वर्षं मुलांच्या पाठी दुखवतं आणि फाईल मात्र निर्दोष असते. या साऱ्या पद्धतीतली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच.

केवळ दरावर न जाता गुणवत्तेला गुण द्यायची सोयही आहे. पूर्वी ती मुख्यतः सल्लागार नेमण्यापुरती होती. ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी केंद्राने ती काही अटींवर बांधकामं आणि इतर सेवांनाही खुली केली, गुणवत्तेचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के ठेवून. बाकांसारख्या वस्तूला मात्र ती लागू करायची गरजच नाही. नेमकं वर्णन पुरतं.

दर उघडल्यावर घासाघीस का करत नाहीत?

घरी आपण तीन दुकानं फिरतो आणि पहिल्याला सांगतो, "शेजारी शंभराने कमी देतोय." सरकारी खरेदीत याला जवळजवळ मज्जाव आहे. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००७ च्या सूचनांनुसार निविदेनंतरची वाटाघाट सर्वसाधारणपणे करूच नये, आणि अपवाद म्हणून केलीच तर फक्त एल-वनशी. कारण उघड आहे. दर उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाशी बोलायची मुभा दिली, तर कुणाला खोलीत बोलवायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळं जातं. शिवाय नंतर घासाघीस होणार हे माहीत असलं की पुरवठादार आधीच दर चढवून भरतो.

एकच निविदा आली की प्रक्रिया रद्द करायलाच हवी, हाही एक पक्का गैरसमज, आणि तो कार्यालयांतही आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट आहे की केवळ आकड्यावरून स्पर्धा झाली नाही असं म्हणू नये. जाहिरात व्यवस्थित दिली होती, वेळ पुरेसा होता, अटी अवाजवी नव्हत्या आणि दर बाजारभावाशी जुळतो, तर एक निविदाही वैध धरता येते. तरीही फेरनिविदा काढली जाते. कारण ती काढल्याबद्दल कुणाला जाब द्यावा लागत नाही, एकच निविदा स्वीकारल्याबद्दल मात्र द्यावा लागतो.

एवढे नियम असूनही पैसे खाल्ले जातातच, मग नियम कशाला?

नियमांमुळे चोरी थांबते असं नाही. पण तिला कागदावर खुणा सोडाव्या लागतात, आणि त्या वाचता येतात. काही ठरलेल्या युक्त्या सांगतो.

पहिली, तुकडे पाडणं. निविदेच्या मर्यादेत न यावं म्हणून एकच मागणी चार लहान आदेशांत वाटायची. केंद्राच्या नियमांत याला थेट मनाई आहे आणि राज्यातही हा ठरलेला लेखा आक्षेप आहे. एकाच महिन्यात, एकाच पुरवठादाराला, मर्यादेच्या जरा खाली असलेल्या रकमांचे लागोपाठचे आदेश दिसले की समजावं.

दुसरी, डमी दरपत्रकं. तीन दरपत्रकं लागतात ना, मग एकच पुरवठादार तिन्ही आणून देतो. अशा फाईलमध्ये तिन्ही कागद शेजारी ठेवून बघावेत. लेटरहेड वेगळी, पण आतला मजकूर ओळीला ओळ सारखा. "पावडर"चं ऱ्हस्व-दीर्घ तिन्हीकडे एकाच जागी चुकलेलं. तारीख एकच. दुसऱ्याचे सगळे दर पहिल्यापेक्षा बरोबर पाच टक्क्यांनी जास्त, तिसऱ्याचे दहा टक्क्यांनी. बाजारात खऱ्याखुऱ्या तीन माणसांनी दर दिले तर ते असे रांगेत उभे राहत नाहीत. कुणाचं लोखंड स्वस्त पडतं, कुणाची मजुरी.

तिसरी युक्ती जास्त हुशारीची: वर्णन आणि अटी एका माणसाच्या मापाने शिवणं. एका कंपनीच्या माहितीपत्रकातली मिलिमीटरपर्यंतची मापं जशीच्या तशी उतरवायची, किंवा लहानशा खरेदीला कोट्यवधींच्या उलाढालीची अट घालायची. म्हणजे वर मी नेमकं वर्णन लिहा म्हणालो, त्यातही धोका आहेच. फरक असा की चांगलं वर्णन वस्तूने काय करावं ते सांगतं आणि मानकाचा क्रमांक देतं. शिवलेलं वर्णन वापराशी संबंध नसलेली मापं देतं. असं काही दिसलं तर निविदापूर्व बैठकीत पुरवठादार लेखी हरकत घेऊ शकतात, आणि शुद्धिपत्रक काढून अट बदलता येते.

न्यायालयात गेलं तर? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात आखून दिलेली रेषा आजही चालते: काम कुणाला द्यावं हे न्यायालय ठरवत नाही, ठरवण्याची पद्धत न्याय्य होती का एवढंच तपासतं. म्हणजे तिथेही फाईलच बोलते.

प्रामाणिक अधिकारीही सही का टाळतो?

लेखापरीक्षण अनेकदा होतं. राज्याच्या कार्यालयांना महालेखापाल, जिल्हा परिषद आणि महापालिकेला स्थानिक निधी लेखापरीक्षा, शिवाय विधिमंडळाच्या समित्या. आक्षेप निघाला की तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. त्यात भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पर्यंत असं एक पोटकलम होतं की लोकहित नसताना दुसऱ्याला आर्थिक फायदा करून दिला, तर स्वतः एक पैसा न घेताही गुन्हा ठरू शकत होता. २०१८ च्या दुरुस्तीने ते काढलं. भीती मात्र रेंगाळली आहे. निर्णय न घेतल्याबद्दल शिक्षा झालेला अधिकारी सहसा ऐकिवात नसतो. त्यामुळे सही करण्यापेक्षा खुलासा मागणं सुरक्षित वाटतं.

मार्चमध्येच एवढी घाई कशाला?

मंजूर झालेला पैसा साधारणपणे त्या आर्थिक वर्षापुरता असतो. ३१ मार्चला खर्च न झालेलं अनुदान व्यपगत होतं, म्हणजे परत जातं. निधी वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण हातात येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो आणि शेवटचा मोठा टप्पा उशिरा येतो. मग कोषागारात देयकांची रांग लागते. केंद्राच्या नियमांत अखेरच्या महिन्यांतली खर्चाची घाई वित्तीय शिस्तीचा भंग मानली आहे, पण निधी उशिरा सोडणाऱ्यावर ती शिस्त बसत नाही. घाईत तपासणी कोलमडते. माल नीट न मोजता पोच दिली जाते. गरजेची वस्तू सोडून लवकर मिळणारी वस्तू घेतली जाते.

महापुरातही निविदाच काढत बसायचं का?

नाही, आणि हे कोल्हापूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आंबेवाडी, प्रयाग चिखली, शिरोळचा बराच भाग पाण्यात होता आणि पुणे-बेंगळूरू महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी बोटी, अन्न, औषधं, चारा यांसाठी तीन आठवडे थांबणं शक्य नसतं.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ५० नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला तातडीच्या खरेदीला परवानगी देता येते आणि निविदेची नेहमीची पद्धत तेवढ्यापुरती माफ झाल्याचं मानलं जातं. अधिकृत अधिकाऱ्याने वस्तू वापरल्याचं दिलेलं प्रमाणपत्र हिशेबासाठी वैध कागद ठरतं. म्हणजे कायद्याने इथे अधिकाऱ्याच्या शब्दावर भरवसा टाकला आहे.

तरी दोन गोष्टी राहतात. ही सूट बचाव आणि मदतकार्यासाठी आहे. पूर ओसरल्यावर घेतलेल्या टेबल-खुर्च्या तिच्यात बसत नाहीत. दुसरं असं की पंचगंगा कोणत्या महिन्यांत फुगते हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पावसाळ्याआधीच जीवरक्षक जॅकेटं, दोर, बोटींचं इंजिन दुरुस्तीचं सामान यांचे दर ठरवून दरकरार करून ठेवता येतो. दरकरार म्हणजे दर आज पक्का, माल लागेल तेव्हा. तो करून ठेवला तर ऐन पुरात कुणाच्या तोंडी दरावर अवलंबून राहावं लागत नाही.

आपल्याकडचे कारखानदार निविदा का भरत नाहीत?

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे लोखंडाचं काम करणारी माणसं कमी नाहीत. तरी सरकारी निविदेपासून अनेक लहान कारखानदार लांब राहतात. डिजिटल सही, बयाणा, पुढे सुरक्षा अनामत, आणि माल दिल्यावरच पैसे, आगाऊ रक्कम सहसा नाही. आदेशाची रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीपोटी दोन टक्के कपात. हे सगळं सहन करता येतं. देयक कधी निघेल हे कळत नाही, ते सहन होत नाही. बँकेचं व्याज तर थांबत नाही.

त्यांच्यासाठी कायद्यात संरक्षण आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. सरकारी कार्यालयंही यातून सुटत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असलेला कारखानदार केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तक्रार करू शकतो. बरेच जण करत नाहीत, कारण पुढचं काम मिळणार नाही अशी धास्ती असते. स्पर्धा वाढवायची असेल तर कार्यालयाला सगळ्यात स्वस्त पडणारा उपाय वेळेवर देयक काढणं हाच आहे. पैसे वेळेत मिळतात असं नाव झालं की चार माणसं दर भरायला येतात आणि दर खाली येतो.

आपण नेमकं कुठे बघायचं?

महाटेंडर्सवर चालू निविदा बघायला कुठलीही नोंदणी लागत नाही. शुद्धिपत्रकं आणि निकालही तिथे दिसतात. निविदा चालू असतानाच तांत्रिक वर्णन वाचावं, कारण बदल तेव्हाच होऊ शकतो.

खरेदी होऊन गेली असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "खरेदीची संपूर्ण माहिती द्या" असं मोघम मागू नये. चार कागद नावाने मागावेत: तांत्रिक वर्णन, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश आणि माल तपासणीचा अहवाल. पहिल्या आणि चौथ्या कागदाची ओळीला ओळ तुलना केली की काय मागवलं आणि काय आलं हे समजतं. या कायद्यात अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फारसा कुणी वापरत नाही.

शाळेच्या बाबतीत आणखी जवळचा उपाय आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. टेम्पो शाळेच्या दारात आला की मुख्याध्यापकांना पोच द्यायची घाई असते, कारण ड्रायव्हरला पुढच्या शाळेला जायचं असतं. त्या वेळी समितीतल्या दोघांनी हजर राहावं. पुरवठा आदेशाची प्रत हातात असावी. पाइपाच्या उघड्या टोकाला व्हर्नियर लावून जाडी बघावी. व्हर्नियर गावात लेथवर काम करणाऱ्या कुणाकडेही मिळतो. प्लायच्या खालच्या बाजूला मानकाचा शिक्का आहे का ते बघावं, दोन-चार बाकं उलटी करून वेल्डिंग बघावं. कमी भरलं तर माल परत पाठवण्यावरून भांडत बसू नये. पोचपावतीवरच, सहीच्या वर, "पाइपाची जाडी आदेशापेक्षा कमी, १२ बाकांचे वेल्डिंग अपूर्ण" असं जे दिसलं ते लिहावं आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. तो शेरा असलेली पोच देयकाला जोडली की लेखा शाखेला ते देयक तसंच पुढे सरकवता येत नाही.